केदारकंठा, जानेवारी: खानदेशातून बर्फात जाणाऱ्यांसाठी एका दिवसाचा वृत्तांत

केदारकंठ्याच्या माथ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजून गेले होते आणि सूर्योदयासाठी आलेली मंडळी केव्हाच उतरणीला लागली होती. आम्हाला झालेल्या दीड-दोन तासांच्या उशिराचे कारण थंडी नव्हती, चढही नव्हता. माझ्या मित्राच्या अंगातला घामाने भिजलेला सुती बनियन हे त्याचे कारण होते. जळगाव-धुळ्याकडून पहिल्यांदाच बर्फात जाणाऱ्यांना ही गोष्ट निघण्यापूर्वी कळावी, या हेतूने त्या एका दिवसाविषयी सविस्तर लिहीत आहे.

केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. उंची सुमारे १२,५०० फूट, म्हणजे ३,८०० मीटरच्या आसपास. चढाई सांकरी गावातून सुरू होते. पहिला मुक्काम जुडा का तालाब, दुसरा शिखराच्या पायथ्याच्या तळावर आणि तिसऱ्या दिवशी माथा, असा नेहमीचा क्रम आहे. भुसावळहून दिल्लीला थेट गाड्या मिळतात. मात्र डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या धुक्याने त्या तासन्‌तास रखडतात, त्यामुळे डेहराडूनला एक दिवस हाताशी ठेवल्याशिवाय आरक्षण करू नये. डेहराडून ते सांकरी हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपासच असले तरी घाटरस्त्यामुळे आठ ते दहा तास लागतात. रोख रक्कम पुरोल्याच्या पुढे मिळेल या भरवशावर राहू नये.

मी जळगावचा, मित्र अमळनेरचा. तयारी म्हणून आम्ही दोन महिने पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या मारल्या आणि चार रविवार चाळीसगावजवळच्या पाटणादेवीहून कण्हेरगडावर, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली दहा किलोंची पिशवी घेऊन चढलो-उतरलो. या सरावाचा फार उपयोग झाला. तिन्ही दिवसांत एकदाही पायांनी दगा दिला नाही. पायांची तयारी आपल्याकडे उत्तम होऊ शकते. अंगावर काय घालायचे आणि केव्हा काढायचे, याचा सराव मात्र खानदेशात होत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला थंडीची धास्ती जरा जास्तच असते आणि त्या धास्तीपोटी तो घरातले असतील नसतील ते गरम कपडे अंगावर चढवतो. आम्हीही तेच केले.

शिखराच्या दिवशी पहाटे तीन वाजता तळ सोडला. बाहेर उणे दहाच्या आसपास तापमान होते. मित्राने आत सुती बनियन, त्यावर थर्मल, त्यावर दोन स्वेटर आणि सर्वांत वर पिसांचे जाड जाकीट घातले होते. माझाही प्रकार फारसा वेगळा नव्हता. तंबूबाहेर उभे असताना हे सगळे कमीच वाटत होते. परंतु तळापासून माथ्यापर्यंत साधारण बाराशे फुटांचा चढ आहे आणि तो जवळजवळ सलग आहे. बुटांना स्पाइक्स, म्हणजे बर्फात न घसरण्यासाठीचे लोखंडी दाते, बांधून, विजेरीच्या उजेडात, पुढच्याच्या पाऊलखुणेत पाऊल टाकत आम्ही चाळीस मिनिटे चढलो आणि तेवढ्यात दोघेही आतून चिंब झालो. मित्र म्हणाला, "भाऊ, गरम होई ऱ्हायनं, पण काढू नको, वर थंडी ऱ्हाई." मलाही ते पटले. त्या दिवसातील सर्वांत मोठी चूक ती होती.

पुढे वाट अरुंद झाली आणि वर जाणाऱ्यांची रांग खोळंबली. आम्ही वीसेक मिनिटे जागच्या जागी उभे होतो. वारा फारसा नव्हता, तरी पाचव्या मिनिटाला पाठ गार पडू लागली आणि दहाव्या मिनिटाला मित्राचे दात वाजू लागले. ओला सुती कपडा अंगाला चिकटला की तो ऊब धरून ठेवत नाही, उलट अंगातली उष्णता ओढून घेतो, आणि वर चढवलेल्या चार कपड्यांचा त्यावर काहीच इलाज चालत नाही. मी त्याला जाकिटाची चेन लावायला सांगितले तेव्हा ती त्याला लावता येईना. बोटे चेनवरून घसरत होती आणि तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिराने, तुटक देत होता. आमचा वाटाड्या सांकरीचाच, विशीतला मुलगा होता. त्याने विजेरी मित्राच्या तोंडावर धरली, क्षणभर पाहिले आणि रांग सोडून आम्हाला जवळच्या ताडपत्रीच्या चहाच्या टपरीत नेले.

त्या टपरीत त्याने जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रथम वरचे सगळे काढायला लावून ओला बनियन आणि थर्मल अंगातून उतरवला. पिळल्यावर बनियनमधून पाण्याची धार लागली. माझ्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा लोकरी गंजीफ्रॉक होता, तो त्याला घातला, वर स्वेटर आणि जाकीट, आणि मग साखर घातलेला गरम चहा दोनदा पाजला. चहा आधी आणि कपडे नंतर, असे त्याने होऊ दिले नाही. तासाभराने कापरे थांबले आणि बोलणे सरळ झाले. डोके दुखते का, मळमळते का, हे वाटाड्याने वारंवार विचारले आणि टपरीबाहेर सरळ रेषेत चालून दाखवायला लावले. उंचीचा त्रास असता तर तिथूनच खाली उतरायचे, यात त्याच्या मनात शंका नव्हती, आमच्याही नव्हती.

सहाच्या सुमारास पुन्हा निघालो, ते अंगात केवळ दोन थर ठेवून आणि जाकीट पिशवीत घालून. निघताना थोडी थंडी वाजायला हवी, दहा मिनिटांत अंग आपोआप तापते. थांबलो की थंडी वाजायची वाट न पाहता लगेच जाकीट चढवावे. एवढे एक जरी पाळले तरी निम्मा त्रास वाचतो.

उजाडल्यावर शेवटचा उभा टप्पा चढलो. रांग ओसरली होती. माथ्यावर दगडांची रास, त्रिशूळ आणि पताका आहेत. समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग लख्ख दिसत होते. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सूर्योदयाचा आग्रह सोडून पाचच्या सुमारास निघावे. काळोखात रांगेत गोठत उभे राहण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. फार उशीरही करू नये, कारण दहानंतर उन्हाने बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो.

खाण्याविषयी थोडे सांगतो. घरून नेलेल्या दशम्या वाळक्या चामड्यासारख्या झाल्या, दातांना दाद देईनात. गूळ-शेंगदाणे आणि जळगावचे केळीचे वेफर्स मात्र शेवटपर्यंत खाता आले. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाची बाजू मोकळी राहते. नळीतून प्यायच्या पिशवीची नळी पहिल्या तासातच गोठते. मोबाइल आणि बॅटऱ्या रात्री झोपायच्या पिशवीत, दिवसा आतल्या खिशात ठेवाव्यात. काळा चष्मा ऊन नसले तरी लावावा आणि उन्हापासून बचावाचे मलम नाकाखाली व हनुवटीखालीही लावावे, कारण बर्फावरून ऊन खालून वर येते.

उतरताना दुसरी चूक झाली. वरच्या उतारावर सगळे बसून घसरत होते, मित्रही घसरला आणि वेग आवरण्यासाठी त्याने दोन्ही हात बर्फात रोवले. हातमोजे डेहराडूनच्या बाजारातले, लोकरीचे, वर पाणी अडवणारा थर नसलेले. खाली आला तेव्हा ते जड झाले होते आणि काही वेळाने तो म्हणाला, "भाऊ, मना हातले काही समजी नही ऱ्हायनं." मोजा काढून पाहिले तर उजव्या हाताच्या करंगळीचे आणि अनामिकेचे टोक मेणासारखे पांढरे पडले होते. मी चोळायला लागलो, तर वाटाड्याने माझा हात धरला. बधिर बोटे चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत. भाजल्याचेही त्या बोटांना कळत नाही. त्याने ती बोटे मित्राच्याच काखेत, कपड्यांच्या आत धरायला लावली. पंधरा मिनिटांत रंग परतला आणि त्याबरोबर अशी कळ आली की मित्राच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. कळ आली म्हणून आम्हाला हायसे वाटले.

तेव्हा हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत आणि त्यांतला निदान एक वरून जलरोधक असावा. सांकरीत स्पाइक्स, गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचे आवरण) आणि काठ्या भाड्याने मिळतात; स्पाइक्सचा पट्टा खाली गावातच बुटावर चढवून पाहावा, कारण सैल पट्टा वर अंधारात नीट करता येत नाही. मोजे एकावर एक दोन घालून बूट घट्ट करू नयेत, पायांचा रक्तप्रवाह अडतो. झोपताना घालायचा कपड्यांचा एक संपूर्ण जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून वेगळा ठेवावा आणि काहीही झाले तरी तो चालताना वापरू नये.

दुपारी खालच्या मुक्कामाला पोहोचलो तेव्हा मित्राने तोच जोड अंगावर चढवला आणि बनियन तंबूच्या दोरीवर टाकला. सकाळी तो फळीसारखा ताठ उभा होता. करंगळीच्या टोकाची बधिरता अमळनेरला परतल्यावरही आठवडाभर राहिली. डॉक्टरांनी बोट तपासून पाहिले आणि इजा वरवरची असल्याचे, पण पुढच्या थंडीत याच बोटांना आधी जपावे लागेल असे सांगितले.