साखर धरलेला बेदाणा

सांगलीतल्या एका बँकेत मी बेदाणा तारण कर्जाची तपासणी करते. सप्टेंबरअखेरीस आमच्या साहेबांबरोबर एका कोल्ड स्टोअरेजमध्ये गेले होते. मणेराजुरीकडच्या एका शेतकऱ्यांनी तिथे पंधरा किलोंचे दोनशे बॉक्स ठेवले होते. दिवाळीच्या दरासाठी माल थांबवायचा आणि द्राक्षबागेतल्या ऑक्टोबर छाटणीच्या मजुरी-औषधांसाठी तारणावर उचल घ्यायची, असे त्यांचे गणित होते. चार किलो द्राक्षांपासून जेमतेम किलोभर बेदाणा होतो. त्या बॉक्समध्ये त्यांचे अख्खे वर्ष होते.

पहिलाच बॉक्स उघडला आणि दाण्यांवर पांढरट थर दिसला. पुण्यात वाढलेल्या साहेबांनी "बुरशी" म्हणून फॉर्म मिटला. "साखर धरलीया साहेब," शेतकरी हलक्या आवाजात म्हणाले, पण साहेबांना ते बोलणे उमगले नाही.

मला उमगले. तासगावात माझी आई रोजंदारीवर बेदाणा निवडायला जायची आणि सुटीत मीही तिच्याशेजारी बसायचे. काडी आणि काळा दाणा वेगळा करता करता बोटे चिकट होत आणि गंधकाचा वास रात्री जेवतानाही हाताला राही. बारावीनंतर सांगलीत शिकायला आले, तेव्हा कॉलेजच्या नळावर मी ते हात पुन्हा पुन्हा धुवायचे आणि कुणी गाव विचारले तर सांगलीच सांगायचे. त्या दिवशीही मी पहिले काही क्षण गप्प राहिले, हे मला अजून बोचते.

मग मूठभर दाणे हुंगले. कुबट वास नव्हता. वॉचमनकडून वाटीभर गरम पाणी मागवून त्यात दहा-बारा दाणे सोडले, तसा थर विरघळत गेला आणि खालची हिरवट पिवळी साल स्वच्छ दिसू लागली. "माल फार दिवस थंडीत राहिला की दाण्यातली साखर वर येते, साहेब. बुरशी अशी विरघळत नाही." साहेबांनी आतल्या थप्पीतले आणखी चार बॉक्स उघडायला लावले, आणि ते योग्यच होते. सगळीकडे तेच निघाले.

"मॅडम, तुम्ही कुठल्या म्हणायच्या?" शेतकऱ्यांनी विचारले.

"तासगावची. आई बेदाणा निवडायला जायची." बँकेतल्या माणसासमोर हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारले.

"मग तुमाला ठावं असणारच, ताई."

शेऱ्याच्या रकान्यात मी 'साखर धरलेला माल, बुरशी नाही' असे लिहिले. इंग्रजी फॉर्मवरचे ते मराठी शब्द साहेबांनी तसेच राहू दिले आणि खाली सही केली.