श्रावणाआधी ४२ अंडी

दीर नवापूरहून आला की अंड्यांचा अख्खा ट्रे आणतोच, तिकडे पोल्ट्र्या आहेत म्हणून. घरात आधीच डझनभर पडली होती. म्हणजे ४२, आणि श्रावण लागायला ११ दिवस. डब्यावरची तारीख पुढची असली तरी आमच्याकडे खरी एक्स्पायरी गटारीच. त्यानंतर कानबाईची (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) साफसफाई निघते, फ्रीजमध्ये अंडं दिसलं तर सासूबाई माझ्याकडे बघतात ते बघवत नाही.

पहिल्या दिवशी सगळी पाण्याच्या पातेल्यात सोडून बघितली. ट्रेमधली बहुतेक आडवी पडली, डझनातली काही टोकावर उभी राहिली, तीन तरंगली. तरंगलं म्हणजे नासलंच असं नाही, आत हवा वाढलेली असते एवढंच. वाटीत एकेक फोडून वास घेतला. एक फेकलं, दोन चांगली निघाली. राहिली ४१.

केळ्याला मरण नाही आपल्याकडे. रावेरहून आलेल्या फणीतली काळे डाग पडलेली केळी होतीच. ३ अंडी, ३ केळी, २२० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम साखर, १२० मिली तेल, एक चमचा खाण्याचा सोडा. १७० वर ५० मिनिटं. असे दोन केक झाले, ६ अंडी गेली. केळं थोडं आंबट असतं, त्यामुळे सोडा काम करतो. त्यात वर पुन्हा बेकिंग पावडर घालू नका, मी मागे घातली होती, साबणासारखा वास आला. मधल्या दिवसांत आमलेट-बुर्जीत ७ गेली.

पाचव्या दिवशी हौस नडली. साधा स्पंज, ४ अंडी, १२० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम मैदा, सोडा नाही. अंडी-साखर बारा मिनिटं फेटली, रवीवरून खाली पडणारी धार वरच आकार धरून राहीपर्यंत. ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ठेवून १८ मिनिटं झाली आणि लाइट गेली. (हा ओटीजी खरं तर बट्ट्यांसाठी घेतलाय, गोवऱ्यांचा धूर नको म्हणून.) दार उघडलं नाही, नुसती बसून राहिले. पाऊण तासाने लाइट आली तेव्हा मध्ये खळगा. स्पंजला फुगवणारी फक्त फेटलेली हवा, ती पक्की होण्याआधी गार झाली की बसणारच. सासूबाई डोकावल्या, "काय करी ऱ्हायनी वं?" आता काय सांगणार.

फेकवेना. तुकडे वाळवले, वर कस्टर्ड ओतायचं ठरलं: ६ पिवळे बलक, अर्धा लिटर दूध, ८० ग्रॅम साखर. गरम दूध आधी थोडं-थोडं बलकात, मग सगळं मंद आचेवर, चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत. उकळी आली की संपलं, बलक फुटतात. पोरांनी वाट्या चाटून पुसल्या. पण सहा पांढरे उरले! एक संपवायला जावं तर दुसरं उरतं.

तीन पांढऱ्यांची मेरिंग केली, म्हणजे साखर घालून फेटलेले पांढरे मंद भाजून. भुसावळात एप्रिलमध्ये ती खुटखुटीत होते. आषाढात संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटायला लागली, साखर हवेतलं पाणी ओढते. घरच्यांनी चिक्की समजून खाल्ली. पुढच्या वेळी पावसाळ्यात पांढऱ्यांचं खोबरं घालून मॅकरूनच.

दहाव्या दिवशी हट्टाने पुन्हा स्पंज केला, या वेळी पहाटे पाच वाजता. दोन बोटं उंच, जाळी एकसारखी. सुरी घातली तेव्हा कोरडी निघाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. फोटो काढायच्या आत अर्धा संपला.

उरलेल्या १४ पैकी ६ शेजारी दिली, ८ गटारीच्या रश्शात गेली. बाकीचे तीन पांढरे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेत, एका खाचेत दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण एका अंड्याचा पांढरा. ट्रे मटारच्या पिशवीमागे आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.