साडेपाच तास पुढे

रविवारी दुपारी चारला चहा टाकला आणि लॅपटॉप उघडला, तर त्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले. चूक अगदी साडेपाच तासांची, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. या मशीनवर दोन बिऱ्हाडं आहेत, म्हणजे दोन ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स समजतं, आतलं बॅटरीवरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेचं आहे, म्हणून त्यात साडेपाच तास मिळवून दाखवतं. शेजारचं बिऱ्हाड मात्र त्याच घड्याळात भारतीय वेळ लिहून मोकळं होतं.

टाइमडेटसीटीएल या लिनक्सच्या वेळ लावायच्या कमांडने पुन्हा सगळं नीट लावायला बसलो. टाइमझोनच्या यादीत मुंबई नाही, एशिया/कोलकाता आहे. हे मला दर वेळी झोंबतं. अख्ख्या देशाची एक वेळ १९०६ साली आली, तरी मुंबई १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटं मागची वेळ धरून बसली होती. एवढ्या हट्टाचं काहीतरी चीज व्हायला हवं होतं.

आजोबांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असे. साताऱ्याच्या घरात, देवघराच्या दारावर, चावीचं. दर रविवारी स्टुलावर चढून ते चावी देत, रेडिओच्या बातम्यांना वेळ जुळवत आणि मग मोठा काटा बोटाने दहा मिनिटं पुढे सरकवत. ‘एस्टी चुकत नाही,’ म्हणायचे. घरात लहान पोरालासुद्धा दहा वजा करता येत. पाहुण्यांना कोणी सांगत नसे. ते बिचारे घाईघाईने निघत आणि स्टँडवर ताटकळत.

डोक्यात काय आलं कोण जाणे, तारीख-वेळ दाखवणाऱ्या डेट कमांडला बाबांची जन्मतारीख दिली, मार्च १९४३. उत्तरात ग्रिनिचपासूनचा फरक साडेपाचऐवजी साडेसहा तास! मला वाटलं, मीच काहीतरी बिघडवलं. मग आठवलं, महायुद्धात देशभरची घड्याळं तासभर पुढे केली होती, ती १९४५ च्या ऑक्टोबरात मागे आली. बाबा जाऊन सहा वर्षं झाली आणि हे यंत्र त्यांच्या जन्माचा तास सांभाळून बसलंय.

बाबांच्या पत्रिकेवर जन्मवेळ आहे पहाटे ४ वाजून १० मिनिटं. बाळंतपण घरीच झालं, म्हणजे वेळ देवघरावरच्या घड्याळाची. युद्धाचा एक तास आणि आजोबांची दहा मिनिटं वजा केली, तर बरोबर तीन. तेवढ्यात लग्नरास बदलू शकते. गुरुजींनी हा हिशेब केला होता की नाही, ते पत्रिकेवर लिहिलेलं नाही.

त्याच पत्रिकेवर आईबाबांचं लग्न जुळलं. सव्वीस गुण.

लॅपटॉपची वेळ आता बरोबर आहे. चहा आटून गेला. आईला अजून काही बोललो नाही.