पाववालीचा मुलगा

दुपारी जेवण झालं की फोन घेऊन लोळायची सवय लागलीय, त्यात काल घरच्या ग्रुपवर काकांच्या नातवाचा फोटो आला. बुडापेस्टला शिकायला गेलाय तो. फोटोत मोडक्या भिंती, गवत, खाली एक शब्द नाही. वहिनींनी लगेच विचारलं, जेवलास का रे? त्यावर अंगठा. मला त्या अंगठ्याचा भयंकर राग येतो, अरे जेवलास का याचं उत्तर अंगठा असतं का, भात खाल्लास की मॅगी ते तरी सांग.

भिंती अक्विंकमच्या होत्या, रोमन लोकांच्या वेळच्या. तेव्हा डॅन्यूब म्हणजे साम्राज्याची हद्द, पलीकडे सगळे परके, आणि अलीकडच्या काठाला सेकंड अडजुट्रिक्स नावाच्या लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा, तळ. या लीजनमधल्या एका शिपायाचं पत्र मी मागे वाचलं होतं. ऑरेलियस पोलिऑन, साधारण अठराशे वर्षांपूर्वीचा, गाव इजिप्तमधलं तेब्तुनिस. नोकरी निघाली कुठे तर पार युरोपात. भाऊ, बहीण आणि पाव विकणारी आई यांना त्याने पपायरसवर ग्रीकमध्ये लिहिलंय, स्पेलिंगची पार वाट लागलेली. म्हणतो, मी लिहायचं थांबत नाही पण तुमच्या मनात मीच नाही. सहा पत्रं पाठवली. तुमच्याकडे सैन्यासाठी म्हणून काही मागितलं पण नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. आमच्या बुडापेस्टवाल्याने अजून तरी असं म्हटलेलं नाही. त्याचं उलटंच आहे सगळं, म्हणजे इकडून रोज सहा मेसेज जातात, तिकडून अंगठा येतो, आणि सविस्तर मेसेज आला की दादा आधी बँकेचं ॲप उघडतो.

तर ते पत्र १८९९ च्या सुमारास ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज संशोधकांना तेब्तुनिसला खणताना मिळालं, पण इतकं फाटलेलं की शंभरावर वर्षं तसंच पडून राहिलं, मग अमेरिकेत राइस युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या ग्रँट अ‍ॅडमसनने ते चिकाटीने लावलं. शिपायाचं गाऱ्हाणं ऐकायला शेवटी एक स्टुडंटच लागला, तोही घर सोडून आलेला असेल तर बघायलाच नको.

काका पण फौजेत होते. पत्ता म्हणजे नाव, नंबर, युनिट आणि शेवटी मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. आजी कित्येक वर्षं छप्पन हे गाव समजायची, कुणी विचारलं तर सांगायची धाकटा छप्पनला असतो. तिला लिहिता यायचं नाही. मग इनलँड घ्यायचं, पदरात शेंगा बांधायच्या आणि मागच्या आळीतल्या गुरुजींकडे जायचं, मला बरोबर घेऊन. गुरुजींची पूजा, चहा, शिकवणी आटपेपर्यंत पायरीवर बसायचं आणि मग आजी सुरू. कालवड व्याली, पुढच्या विहिरीला पाणी कमी आहे, अमक्याच्या लग्नात तमके रुसून बसले, तुझी गोधडी उन्हात टाकली होती. गुरुजी मान डोलवत ऐकायचे आणि सुवाच्य अक्षरात लिहायचे, इकडील सर्व खुशाल, तुझी खुशाली कळवणे. संपलं. वाचून दाखवलं की आजी म्हणायची, कालवडीचं लिहिलंत ना? हो हो, सगळं आलं त्यात.

आणि काकांचं प्रत्येक पत्र तक्रारीचं. घरचं नीट कळवत जा, दोन ओळीत काय समजतं, तुम्हाला माझी आठवण येत नाही का. ते वाचूनही गुरुजीच दाखवायचे, चेहऱ्यावर रेघ न हलवता.

पोलिऑनचं पत्र तेब्तुनिसलाच सापडलं म्हणजे घरी पोचलं असणार असं मी धरून चाललेय. तेव्हा साध्या माणसांसाठी टपाल नव्हतं, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती द्यायचं, याने लीजनमधून निवृत्त झालेल्या एकाच्या मार्फत पाठवलं होतं. त्यात धमकीपण दिलीय, साहेबांकडून रजा काढतो आणि येतोच, म्हणजे कळेल तुम्हाला मी तुमचा भाऊ आहे ते. आला की नाही, देव जाणे. पत्र वाचणारे सगळे त्याच्यासाठी हळहळतात, बिच्चारा वगैरे. मी मात्र पाववालीच्या बाजूने. दिवसभर पाव विकायचे, त्यातून वेळ काढून लिहिणारा माणूस गाठायचा, त्याला द्यायला काहीतरी न्यायचं, आणि मग तिकडे जाणारा कुणीतरी शोधत बसायचं. एवढं करून त्या लिहिणाऱ्याने दोनच ओळी लिहिल्या असतील तर तिने काय करायचं?