तुम्ही विचारलेत म्हणून: मी ऑपरेशन का करून घेत नाही?

औषधांनी फिट थांबत नाहीत, मग मेंदूचे ऑपरेशन का टाळता? हा प्रश्न आपुलकीने विचारला जातो हे मी जाणते. तरीही ‘भीती वाटते’ एवढेच म्हणून विषय बदलण्याचा आता मला उबग आला आहे.

माझ्या फिट डाव्या टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागात, सुरू होतात. माझी भाषाही मेंदूच्या डाव्या बाजूलाच आहे, आणि ऐकलेले-वाचलेले शब्द स्मरणात रुजवण्याचे काम मुख्यत्वे त्याच बाजूचा हिप्पोकॅम्पस व त्याच्या लगतचा भाग करतो. काढायचा आहे तो नेमका हाच भाग.

ऑपरेशनपूर्व तपासणीत १५ शब्दांची यादी मला ५ वेळा वाचून दाखवली गेली, मग दुसरी यादी आली, आणि अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्या यादीतले शब्द विचारले गेले. मी जिवाच्या आकांताने एकेक शब्द आठवत होते, कारण मला त्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायचे होते, आणि बरेचसे शब्द आठवलेही. नंतर निकाल समजावताना मला सांगण्यात आले की हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आणि शब्दस्मृती आधीच खालावलेली असती, तर गमावण्यासारखे फारसे उरले नसते. माझा हिप्पोकॅम्पस एमआरआयमध्ये शाबूत दिसतो आणि गुणही चांगले आहेत, म्हणूनच ऑपरेशननंतर शब्दस्मृती घसरण्याचा धोका अधिक. मी धडपडून मिळवलेला प्रत्येक गुण माझ्याच विरोधात गेला होता. मला तिथेच रडू कोसळले, आणि चांगल्या निकालावर कोणी का रडावे, हे घरच्यांना मी आजतागायत समजावू शकलेले नाही.

फिटसाठी केलेल्या ऑपरेशननंतर नव्या आठवणी साठवण्याची क्षमता गमावलेल्या हेन्री मोलेसन यांचे उदाहरण कृपा करून मला देऊ नका. १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा भाग काढला होता. माझ्या बाबतीत प्रश्न एकाच बाजूचा आहे. ऑपरेशनच्या बाजूने असलेला पुरावाही मी नाकारत नाही. टेम्पोरल लोबच्या फिट असलेल्या रुग्णांवरील, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर ऑपरेशनसाठी निवडलेल्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपवणाऱ्या फिटपासून मुक्त होते, केवळ औषधांवर ८ टक्के. शब्द गेले तरी चालतील, फिट थांबू देत, असे मी पूर्वी ठामपणे म्हणत असे. तेव्हाच्या त्या बाईला मी आज विचारते की शिकवण्यावर पोट असताना हे तिला परवडले असते का. ती मला विचारते की फिट चालू राहिल्यानेही स्मृती झिजतच असेल, तर तू नेमके काय वाचवते आहेस? तिला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही, आणि ऑपरेशनच्या संमतिपत्रावर मी अजून सही केलेली नाही.