तळोजाचं घर आणि हैदराबादची बदली
आज यांच्या बदलीचं पत्र आलं. हैदराबाद. आनंद व्हायला हवा होता, पण माझी नजर आधी दारावरच्या तोरणाकडे गेली.

हे सिडकोच्या लॉटरीतलं घर. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असं 2.5 लाखांचं अनुदान मिळालं, म्हणून आमच्यासारख्यांना जमलं. अर्जासाठी 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढताना सासूबाईंनी जुन्या ट्रंकेतून पिवळे पडलेले कागद शोधून दिले होते.

दुपारी शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिकडे गेल्यावर पुन्हा अर्ज कर ना!" नाही करता येत हो. भारतात कुठेही पक्कं घर नावावर असेल, तर या योजनेचं दुसरं घर मिळत नाही. राज्य बदललं तरी हिशेब एकच. रेशनचं धान्य मात्र आता तिकडेही मिळेल, तेवढाच आधार.

विकायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय. तिकडे भाडं, इथे हप्ता, ओढाताण होणार. पण सासूबाई म्हणतात, "मी इथेच राहते, दिवा लावायला कुणीतरी हवं." त्यांना एकटं ठेवून कसं जायचं, तेच कळत नाहीये.