सोनं परत करणारं गाव

फ्रान्समधल्या ले प्वीहून कोंकपर्यंत पायी साधारण २०० किलोमीटर. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रेचा हा एक टप्पा. आळंदी-पंढरपूर चाललेल्या माणसाला इथे आधी खुपते ती शांतता. दिंडी नाही, टाळ नाहीत, चोपदार नाही. पाठपिशवीला टांगलेला शिंपला, ही यात्रेकरूची खूण, आणि झाडादगडांवरचे पांढरे-तांबडे पट्टे, एवढ्यावर चालायचं. समोरून येणारा ‘बाँ शमाँ’ (वाट चांगली जावो) म्हणतो, आपल्या जिभेवर ‘माउली’ येऊन थांबतं.

ओब्राकच्या पठारावर वारा, गाई आणि बटाट्यात चीज घोटून केलेलं, हातभर ताणलं जाणारं आलिगो. पोट भरतं, पण मिरचीची आठवण काही जात नाही.

कोंक लांबून दिसत नाही. दगडगोट्यांचा उतार संपता संपता पायाखाली एकदम दगडी फरशांची छपरं येतात. गाव म्हणजे जेमतेम काही शे माणसं, मधोमध सेंत फ्वा या संत मुलीचं भलंथोरलं दगडी चर्च. मुक्काम मठात. तिथले स्वयंसेवक बहुतेक स्वतः ही वाट चाललेले, त्यामुळे पायाच्या फोडांवर उपदेश न करता थेट सुई-दोरा काढतात.

पंगतीत माझ्या शेजारी गावातल्या एक आजी होत्या. सूप वाढता वाढता त्यांनी सेंत फ्वाची कथा सांगितली. ही आजाँ गावची कोवळी मुलगी. रोमन देवांना नमस्कार करायला नकार दिला म्हणून चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तिला मारलं. नवव्या शतकात कोंकच्या एका साधूने आजाँच्या मठात वर्षानुवर्षं राहून विश्वास मिळवला आणि तिच्या अस्थी घेऊन पोबारा केला. “मग चोरीच की ही!” मी म्हटलं. आजी ठामपणे म्हणाल्या, “तिची इच्छा नसती तर आली असती का?” मला हंपीहून पांडुरंगाला परत आणणारे भानुदास आठवले. देव आपल्याच खुशीने येतो, हे आपलंही म्हणणं.

त्या अस्थींसाठी लाकडावर सोन्याचा पत्रा मढवून बसलेली मूर्ती घडवली. भाविकांनी वाहिलेली रत्नं तिच्यावर जडवत गेले. अकराव्या शतकात आँजेचा बर्नार नावाचा पंडित हिला पाहून ‘ही तर मूर्तिपूजा’ म्हणून हसला, आणि पुढे तिचेच चमत्कार लिहीत बसला. भले भले वाकतात ते असे!

पण मला त्या चोर साधूपेक्षा गावकरी मोठे वाटतात. राज्यक्रांतीत चर्चमधलं सोनं-चांदी वितळवायचा धोका उभा राहिला, तेव्हा त्यांनी खजिना घरोघरी नेला. बागेत पुरला, चेस्टनट वाळवायच्या खोपटांत दडवला. वादळ सरल्यावर सगळं परत आणून ठेवलं, असं आजी सांगत होत्या, जणू काल स्वतः पोचवून आल्या. स्वाऱ्यांच्या काळात विठोबाला आसपासच्या गावांत लपवल्याच्या कथा आम्हीही ऐकल्यात. पण इथे गरीब घरांत सोनं होतं, आणि पहारा कोणाचाच नव्हता.

रात्री चर्चच्या दारावरचं बाराव्या शतकातलं शिल्प एक साधू समजावून देतात, तेही विनोद करत. अंतिम न्यायाचा देखावा, १२४ आकृती. स्वर्गातली मंडळी रांगेत शिस्तीत. नरकात मात्र शिल्पकाराचा हात रमलाय. गळ्यात पैशाची थैली अडकवून टांगलेला कंजूष तर खासच. आत चित्रकार पिएर सूलाज यांच्या काचेच्या १०४ खिडक्या, १९९४ साली पूर्ण झालेल्या. रंग नाही, चित्र नाही. दुपारी मी नाक मुरडलं होतं. संध्याकाळी उजेड उतरला तशी तीच काच निळसर, मग तांबूस होत गेली. मग गप्प बसले.

सकाळी दूर्दू नदीचा जुना पूल ओलांडला की समोर असा चढ की दिवेघाट बरा. वर सेंत फ्वाचं लहानसं देऊळ. तिथली घंटा वाजवायची म्हणजे खाली गावाला कळतं, पोचले. “जोरात वाजव, मला कमी ऐकू येतं,” आजींनी बजावलं होतं. मी दोरी इतकी ओढली की मागचा जर्मन यात्रेकरू आपली पाळी विसरून कानांवर हात ठेवून उभा राहिला.